उजेडाची सुरी



लहानपणी आपण सर्वांनी एक खेळ खेळलेला असेल. भर दुपारी अंगणात बसायचे, आजोबांचे भिंग घ्यायचे आणि वाळलेल्या पानावर ऊन गोळा करायचे. भिंग थोडे खालीवर केले की पानावर उन्हाचा बारीक ठिपका पडतो. थोड्याच वेळात तेथून धूर निघतो आणि पानाला भोक पडते. काडी नाही, निखारा नाही. नुसत्या उजेडाने पान जळाले! आजोबा ओरडायचे, "अरे, डोळ्यांनी त्या ठिपक्याकडे बघू नका!" आजोबांचे हे वाक्य लक्षात ठेवा. या पाठाच्या शेवटी ते पुन्हा आपल्या कामी येणार आहे.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. एके दिवशी पाटी पुसता पुसता त्यांनी विचारले, "गुरुजी, माझा मुलगा लेसरवर कामाला लागलाय. म्हणतो, आम्ही उजेडानं लोखंडाचा पत्रा कापतो. चेष्टा करतोय की खरं सांगतोय? आणि खरं असलं, तर त्याच्या डोळ्यांना काही होणार नाही ना?"

मागे बसलेला एक तरुण लगेच म्हणाला, "गुरुजी, उजेडात एवढी ताकद असंल, तर त्यातनं वीज का नाही पाठवत? आमच्या वस्तीवर अजून खांब आला नाही. तारच नको, मग खांब कशाला लागतोय?"

प्रश्न तीन. उजेड लोखंड कसा कापतो? उजेडातून वीज पाठवता येते का? आणि डोळ्यांचे काय? तिन्ही प्रश्न चांगले आहेत. एकेक घेऊ.

१. जत्रेतली गर्दी आणि लेझमीचे पथक

आधी लेसर म्हणजे काय ते पाहू. लेसर म्हणजे उजेडच. पण साध्या उजेडात आणि लेसरच्या उजेडात मोठा फरक आहे.

जत्रा आठवा. हजारो माणसे असतात. कोणी देवळाकडे चालला, कोणी पाळण्याकडे, कोणी घराकडे. कपडे रंगीबेरंगी. चाल ज्याची त्याची. आपल्या दिव्याचा उजेड असाच असतो. तो चहूकडे पसरतो. त्यात अनेक रंग मिसळलेले असतात. त्याच्या लाटा एकमेकींशी मेळ ठेवीत नाहीत.

आता लेझमीचे पथक आठवा. सर्वांचा वेष एक. तोंडे एकाच दिशेला. हलगीच्या ठेक्यावर सर्वांचे पाऊल एकदम पडते. पन्नास माणसांचे पथक, पण जमीन हादरते. लेसरचा उजेड असा असतो. रंग एक, दिशा एक, पाऊल एक. म्हणून तो लांब गेला तरी फार पसरत नाही, आणि भिंगातून सोडला की अगदी बारीक ठिपक्यावर गोळा होतो.

हे पथक उभे कसे करतात? प्रत्येक वस्तू बारीक बारीक अणूंची बनलेली आहे. अणूला बाहेरून शक्ती दिली, की तो जणू एक पायरी वर चढतो. तेथे तो फार वेळ राहत नाही. खाली उतरतो आणि उतरताना उजेडाचा एक कण सोडतो. साध्या दिव्यात प्रत्येक अणू आपल्या लहरीप्रमाणे उतरतो. म्हणून तेथे जत्रा होते.

१९१७ साली थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनी एक गोष्ट दाखवून दिली. अणू पायरीवर उभा असताना त्याच्या शेजारून नेमक्या जातीचा उजेडकण गेला, तर तो अणू त्या कणाच्या सादेने खाली उतरतो. आणि त्याने सोडलेला कण पहिल्या कणासारखा हुबेहूब असतो. तोच रंग, तीच दिशा, तेच पाऊल. एकाचे दोन झाले. दोघांचे चार, चारांचे आठ, आठांचे सोळा. पाढा म्हणावा तसे कण वाढत जातात.

आता या अणूंच्या दोन टोकांना समोरासमोर दोन आरसे बसवा. उजेड एका आरशावरून दुसऱ्यावर जातो, परत येतो, पुन्हा जातो. प्रत्येक खेपेला त्याचे पथक वाढते. एक आरसा मात्र थोडासा पारदर्शक ठेवलेला असतो. त्यातून काही उजेड बाहेर पडतो. तोच लेसरचा झोत. लेसर हा शब्द इंग्रजीतल्या पाच शब्दांची पहिली अक्षरे जोडून केलेला आहे. त्याचा अर्थ एवढाच, की साद घालून बाहेर काढलेला आणि वाढवलेला उजेड.

२. माणकाची कांडी आणि बारामतीचे पटेल

आइन्स्टाइन यांनी तत्त्व सांगितले, पण यंत्र व्हायला त्रेचाळीस वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्निया प्रांतातील मालिबू गावच्या प्रयोगशाळेत, थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने पहिला लेसर चालवून दाखवला. त्याने कृत्रिम माणकाची एक लहानशी कांडी घेतली. तिच्या टोकांना चांदीचा मुलामा दिला. तेच आरसे. कांडीभोवती फोटोच्या फ्लॅशसारखा, पण पिळाचा दिवा बसवला. दिवा लखकन चमकला आणि कांडीतून लाल झोत बाहेर पडला.

त्या वेळी लोक थट्टा करीत. म्हणत, उत्तर सापडले खरे, पण प्रश्न कोठे आहे? या झोताचे करायचे काय, हेच पुष्कळांना कळेना. पण पाच वर्षांतच, १९६५ साली, अमेरिकेतल्या एका कारखान्यात माणकाच्या लेसरने हिऱ्यांना भोके पाडायला सुरुवात झाली. बारीक तार ओढायची तर ती हिऱ्याच्या भोकातून ओढतात. हिरा सर्वांत कठीण. त्याला भोक पाडायला पूर्वी फार वेळ लागे. लेसरने ते काम झटपट होऊ लागले.

आता एक अभिमानाची गोष्ट सांगतो. पत्रा, लाकूड, कापड कापणारा जो लेसर जगभर वर्षानुवर्षे चालला, त्याचा शोध लावणारे शास्त्रज्ञ आपल्या महाराष्ट्रात जन्मले. त्यांचे नाव चंद्रकुमार नारणभाई पटेल. जगात ते कुमार पटेल या नावाने ओळखले जातात. १९३८ साली बारामतीला त्यांचा जन्म झाला. १९५८ साली त्यांनी पुण्याच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजातून पदवी घेतली. पुढे ते अमेरिकेला शिकायला गेले आणि १९६१ साली तेथील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला.

हा वायू कोणता? आपण श्वासातून बाहेर टाकतो तो. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो. त्यात नायट्रोजन आणि हेलियम हे वायू मिसळले, विजेने त्यांना चेतवले, की सलग आणि जोरकस झोत मिळतो. हा झोत डोळ्यांना दिसत नाही. तो उष्णतेच्या किरणांच्या जातीचा आहे. आपण ज्याला टाकाऊ हवा म्हणतो, तिच्यातून बारामतीच्या या माणसाने लोखंड कापणारे हत्यार काढले! १९९६ साली अमेरिकन सरकारने त्यांना विज्ञानाचे राष्ट्रीय पदक देऊन गौरवले.

३. पत्रा कसा कापतो?

मावशींचा पहिला प्रश्न आता सोपा झाला. मुलगा चेष्टा करीत नव्हता.

घरी पाणी तापवायचा विजेचा रॉड असतो. तो १००० वॉटचा धरा. बादलीभर पाणी तापायला त्याला बराच वेळ लागतो. कारण त्याची उष्णता सगळ्या बादलीत वाटली जाते. आता तेवढीच, १००० वॉटचीच शक्ती लेसरने खसखशीच्या दाण्याहून बारीक ठिपक्यावर गोळा केली तर? लोखंड सुमारे १५३८ अंशांवर वितळते. त्या ठिपक्याखालचे लोखंड डोळ्याचे पाते लवायच्या आत वितळते. मूठभर धान्य शेतभर फेकले तर दिसत नाही. तेच एका ठिकाणी ओतले तर ढीग होतो. येथे सगळी करामत एका जागी गोळा करण्याची आहे.

पण नुसते वितळून भागत नाही. वितळलेले लोखंड तेथेच राहिले तर पुन्हा गोठेल. म्हणून झोताबरोबर नळीतून वायूचा फवारा मारतात. १९६७ साली इंग्लंडात पीटर हाउल्डक्रॉफ्ट यांनी लेसरच्या झोताबरोबर ऑक्सिजन सोडून १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. ऑक्सिजनने तापलेले लोखंड जळते, त्यामुळे आणखी उष्णता मिळते, आणि वितळलेला रस खाली उडून जातो. साधे लोखंड कापायला अशा रीतीने ऑक्सिजन वापरतात. स्टेनलेस स्टील कापताना बहुधा नायट्रोजन वापरतात. त्याने कड काळी पडत नाही, चकचकीत राहते.

या सुरीचे गुण पाहा. ती पत्र्याला टेकत नाही. त्यामुळे तिला धार लावावी लागत नाही, ती झिजत नाही. नक्षी संगणकात काढून दिली की यंत्र ती जशीच्या तशी कापते. फट केसासारखी बारीक, म्हणून माल वाया कमी जातो. शिवाय तोच झोत कमीजास्त करून वेगवेगळी कामे करता येतात. जास्त जोर दिला तर कापणे. थोडा कमी केला तर दोन तुकडे वितळवून सांधणे. अगदी थोडक्यात दिला तर नुसते अक्षर कोरणे. झटके देऊन सोडला तर गंज उडवून टाकणे.

दोषही सांगितले पाहिजेत. यंत्र महाग असते. आणि तांबे, पितळ, ॲल्युमिनियम असे चकाकणारे धातू झोत आरशासारखे परतवतात. वायूच्या लेसरला हे धातू फार जड जात. आता कारखान्यांत फायबर लेसर आले आहेत. त्यांत झोत काचेच्या बारीक तंतूतच तयार होतो. त्याच्या किरणांना धातू जास्त चांगले शोषतात. म्हणून पत्र्याच्या कामात फायबर लेसर पुढे गेला. लाकूड, कापड, कागद, ॲक्रिलिक यांसाठी मात्र पटेलांचा वायूचा लेसर आजही चालतो. नक्षीदार लग्नपत्रिका आणि दारावरच्या पाट्या पुष्कळदा त्यानेच कापलेल्या असतात.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? अलीकडे घेतलेला सोन्याचा दागिना असेल, तर तो भिंगाखाली धरा. हॉलमार्कच्या खुणेजवळ सहा अक्षरे-अंकांचा एक क्रमांक दिसेल. तो लेसरने कोरलेला असतो. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा चिन्हांचा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सोनाराला विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याचा क्रमांक वेगळा असतो. दागिना घेताना तो वाचून पाहा आणि पावतीसोबत लिहून ठेवा. वाचता येऊ लागले, ते अशा ठिकाणी उपयोगी पडते.

४. तारेवाचून वीज

आता वस्तीवरच्या तरुणाचा प्रश्न. तारेवाचून वीज पाठवता येते का? उत्तर असे: येते. पण हिशेब पाहावा लागतो.

अगदी जवळून पाठवणे तर रोजचे झाले आहे. काही मोबाइल नुसते तबकडीवर ठेवले की भारले जातात. तबकडीत तारेचे एक वेटोळे असते, मोबाइलमध्ये दुसरे. एकातल्या बदलत्या विजेमुळे दुसऱ्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ सालीच शोधले होते. पण ही वीज काही बोटांच्या अंतरापलीकडे नीट पोचत नाही.

लांब पाठवण्याचे स्वप्न निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने पाहिले. १९०१ साली त्याने न्यूयॉर्कजवळ एक उंच मनोरा उभारायला घेतला. साऱ्या जगाला तारेवाचून संदेश आणि वीज पाठवायची, असा त्याचा बेत होता. पैसा संपला, काम अडले, आणि १९१७ साली तो मनोरा पाडण्यात आला.

पुढे विल्यम ब्राउन या अमेरिकन इंजिनियरने वेगळी वाट धरली. त्याने सूक्ष्म लहरींचा, म्हणजे रडारमध्ये वापरतात तशा लहरींचा झोत घेतला. १९६४ साली त्याने अशा झोतावर एक छोटे हेलिकॉप्टर हवेत तरंगवून दाखवले. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटहून अधिक वीज पोचवण्यात आली. मात्र त्यासाठी झोत सोडणारी थाळी २६ मीटर रुंदीची होती. एखाद्या मोठ्या वाड्याएवढी!

थाळी एवढी मोठी का? लहर जेवढी लांब, तेवढा झोत जास्त पसरतो. पसरलेला झोत गोळा करायला मोठी जागा लागते. लेसरची लहर सूक्ष्म लहरीपेक्षा हजारो पटींनी आखूड असते. म्हणून लेसरचा झोत बारीक राहतो आणि तो झेलायला लहान तक्ता पुरतो. हा तक्ता शेतातल्या सौरपंपाच्या तक्त्याच्याच जातीचा. पण लेसरचा रंग एकच असल्यामुळे त्या रंगासाठी मुद्दाम केलेला तक्ता चांगले काम देतो. २०२१ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी अशा एका लहानशा तुकड्याने, पडलेल्या लेसर-उजेडाच्या १०० भागांपैकी ६८ हून अधिक भागांची वीज करून दाखवली.

मग प्रत्यक्षात काय घडले? २००३ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे एक छोटे विमान बंद दालनात लेसरच्या जोरावर उडवले. त्यात ना तेल होते, ना बॅटरी. २००९ साली एका स्पर्धेत, हेलिकॉप्टरने लोंबत ठेवलेल्या दोरावर एक यंत्र जमिनीवरच्या लेसरच्या शक्तीने सुमारे ९०० मीटर चढले. ते बनवणाऱ्या मंडळींना ९ लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. २०१९ साली अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेने ३२५ मीटरवर ४०० वॉट वीज पोचवली. आणि २०२५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील डार्पा संस्थेने ८.६ किलोमीटर अंतरावर ८०० वॉटहून अधिक वीज ३० सेकंद पोचवली. मौजेची गोष्ट अशी, की त्या प्रयोगांत मिळालेल्या विजेवर त्यांनी मक्याच्या लाह्या फोडल्या!

ऐकून तो तरुण खूश झाला. "मग आता आमच्या वस्तीवर?" तेव्हा मी फळ्यावर हिशेब मांडला. तो तुम्हीही पाटीवर मांडा.

२०१९ च्या प्रयोगात लेसरचा उजेड सोडला २००० वॉटचा. पलीकडे वीज मिळाली ४०० वॉट. म्हणजे पाचातला एक भाग पोचला. शिवाय तो उजेड तयार करायलाच दुपटीहून जास्त वीज लागते असे धरू. म्हणजे मूळची सुमारे ४००० वॉट खर्चून हाती आले ४००. दहा रुपये धाडले, एक रुपया पोचला. बाकीचे नऊ वाटेत उष्णता होऊन गेले. शिवाय धुके आले, पाऊस आला, धुळीचे वावटळ उठले, की झोत अडतो. आणि वाटेत माणूस, पाखरू आले तर झोत ताबडतोब बंद करावा लागतो. त्यासाठी राखण करणारी वेगळी यंत्रे लागतात. तारेतून वीज नेताना गळती होते खरी, पण दहातले नऊ भाग जात नाहीत.

म्हणून वस्तीला वीज द्यायला हा मार्ग नव्हे. जेथे तार नेताच येत नाही, तेथे त्याचा उपयोग. आकाशात घिरट्या घालणारे यंत्र, किंवा चंद्रावरचे ऊन न पोचणारे खड्डे, अशा जागा शास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे आहेत. तेथे दहातला एक भाग मिळाला तरी तो लाखमोलाचा.

तो तरुण जरा हिरमुसला. मी त्याला म्हटले, "बाबा रे, तारेवाचून वीज पाठवणारा एक मालक आपल्याला रोज भेटतो. पंधरा कोटी किलोमीटरवरून तो उजेड धाडतो आणि बिल पाठवत नाही. खांब येईपर्यंत छपरावर सूर्याचा तक्ता बसव. सरकारी योजनेची चौकशी कर. अर्ज आता तुझा तुलाच भरता येतो." आणि कोणी हवेतून फुकट वीज देणारे यंत्र विकायला आला, आगाऊ पैसे मागू लागला, तर त्याला हा दहा रुपयांचा हिशेब विचारावा. हिशेब न देणाऱ्याला पैसेही देऊ नयेत.

५. डोळ्यांचे काय?

आता मावशींचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न.

आपल्या डोळ्यातही एक भिंग आहे. बाहेरचा उजेड ते मागच्या पडद्यावर गोळा करते. म्हणून आपल्याला दिसते. लेसरचा झोत डोळ्यात शिरला, तर हेच भिंग त्याला सुईच्या टोकाएवढे करते. त्याची तीव्रता सुमारे लाखपट होऊ शकते. मग वाळल्या पानाचे जे होते, तेच डोळ्याच्या पडद्याचे होते. आणि पडद्याला पडलेले भोक पानाच्या भोकासारखेच असते. ते भरून येत नाही.

येथे दोन फसव्या गोष्टी आहेत. पहिली: फायबर लेसरचा झोत दिसत नाही. तीव्र उजेड दिसला तर आपण पापणी मिटतो. जो दिसतच नाही, त्याला पापणी कशी मिटणार? दुसरी: डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. साध्या वेल्डिंगकडे बघितले तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. माणूस सावध होतो. लेसरने पडदा भाजला तर दुखत नाही. नुसता नजरेपुढे एक काळा ठिपका राहतो. दुखत नाही म्हणून माणूस डॉक्टरकडे जात नाही. दिसते तसे नसते, ते असे. वायूच्या लेसरचा झोत डोळ्याच्या आत जात नाही, पण तो समोरची बाहुलीवरची काच भाजतो.

म्हणून जे लेसरवर काम करतात, किंवा ज्यांची मुले करतात, त्यांनी पुढील गोष्टी नीट वाचाव्यात.

यंत्राचे झाकण किंवा दार उघडे असताना लेसर चालवू नये. दार उघडले की लेसर बंद व्हावा, असे बटण त्यात बसवलेले असते. काम लवकर उरकावे म्हणून काही लोक त्या बटणाला चिकटपट्टी लावून ठेवतात. असे करणे म्हणजे आपल्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेणे.

काळा चष्मा म्हणजे लेसरचा चष्मा नव्हे. वेल्डिंगची काळी काचही भरवशाची नव्हे. प्रत्येक लेसरसाठी वेगळा चष्मा असतो. यंत्रावर एक आकडा असतो. फायबर लेसरवर बहुधा १०६४ किंवा १०७० च्या आसपासचा. वायूच्या लेसरवर १०६०० च्या आसपासचा. चष्म्यावरही आकडे छापलेले असतात. यंत्राचा आकडा चष्म्यावरच्या आकड्यांत बसला पाहिजे.

पिवळ्या त्रिकोणात काळा, किरणे फुटलेला ठिपका दिसला, की समजावे येथे लेसर आहे. शेजारी १ ते ४ पैकी वर्गाचा आकडा असतो. ४ असेल तर तो सर्वांत धोक्याचा. पत्रा कापणारे लेसर ४ वर्गातले असतात. त्यांचा चकाकणाऱ्या वस्तूवरून परतलेला झोतसुद्धा डोळा घालवतो.

रेक्झिन, पीव्हीसी असे प्लॅस्टिक लेसरने कापू नये. त्यातून आंबट, झोंबणारा विषारी वायू निघतो. तो छातीला बाधतो आणि यंत्रही गंजवतो. लाकूड, ॲक्रिलिक कापताना यंत्र सोडून चहाला जाऊ नये. आग लागते.

झोत डोळ्यात गेल्याची शंका आली, तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे. दुखण्याची वाट पाहू नये.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही, त्यांनीही सावध राहावे. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेसरच्या झोतांनी काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. बाप्पाच्या मिरवणुकीत पोरगं खांद्यावर बसलेले असते. त्याचे डोळे झोताच्या उंचीला येतात, हे ध्यानात ठेवावे. लेसरची बॅटरी हे खेळणेही मुलांच्या हाती देऊ नये.

६. चार आकडी चिठ्ठी

हा पाठ वर्गात झाला, त्या दिवशी मावशींनी वहीच्या कोपऱ्यात १०६४ हा आकडा मराठीत लिहून घेतला, आणि खाली इंग्रजीतही. तो कागद फाडून त्यांनी मुलाला दिला. म्हणाल्या, "तुझ्या गॉगलवर हा आकडा आहे का बघून ये. मी अडाणी आहे म्हणून हसू नकोस."

मुलगा म्हणाला, "आई, गॉगल खिळ्याला टांगलेला असतो. घाम येतो म्हणून कोणी घालत नाही." पण आईचा शब्द म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी तो उतरवून पाहिला. त्यावर १०६०० लिहिले होते. कारखान्यात पूर्वी वायूचा लेसर होता, तेव्हाचा तो चष्मा. यंत्र बदलले, चष्मा तोच राहिला. यंत्रावर १०६४ होते. म्हणजे कोणी तो शहाणपणाने घातला असता, तरी त्याचा उपयोग नव्हता. दोन वर्षे सगळे त्या दोन आकड्यांसमोर उभे होते. कोणी वाचले नव्हते.

मालकाला दाखवल्यावर त्यांनी दोन नवे चष्मे आणले. दारावर मराठीत पाटीही लावली. मुलगा आता चष्मा घालून काम करतो. घाम येतो, तो पुसतो.

मावशींनी मला विचारले, "गुरुजी, मी वाचायला शिकले ते देवाच्या पोथीसाठी. आकड्यांचाही एवढा उपयोग असतो होय?"

वाचकहो, असतो. उजेडाने पान जळते, उजेडाने लोखंड कापते, उजेडावर विमान उडते. पण त्या उजेडापुढे उभा राहणारा माणूस सुखरूप राहायचा असेल, तर त्याला यंत्रावरची पाटी वाचता आली पाहिजे. आपल्या घरातले, शेजारचे कोणी अशा यंत्रावर काम करीत असेल, तर आज रात्री त्याला दोनच प्रश्न विचारा. तुझ्या यंत्रावर कोणता आकडा आहे? आणि तुझ्या चष्म्यावर कोणता?